गाडीलाही जाग यावी लागते

मैत्रिणींनो, या पानांवर लोणच्याला बुरशी का येते, रेशमी साडीवरचा तेलाचा डाग कसा काढावा, असल्या गोष्टी वाचायची तुम्हांला सवय. त्यात आज मी गाडीच्या इंजिनाची गोष्ट घेऊन आले आहे. "हे आमच्या ह्यांना वाचायला देते," असं म्हणून पान उलटू नका हं! कारण ही चूक ह्यांनी केलेली नाही, मी केलेली आहे. आणि तिची किंमत एका रात्री माझ्या सासूबाईंना मोजावी लागली असती.

आम्ही राहतो जामसरला. जव्हार तालुक्यातलं आमचं गाव. जव्हार म्हटलं की लोकांना जुन्या संस्थानाचा जयविलास राजवाडा आठवतो, दाभोसाचा धबधबा आठवतो. एके काळी 'ठाणे जिल्ह्याचं महाबळेश्वर' म्हणून त्याचं कौतुक व्हायचं. २०१४ च्या ऑगस्टपासून आम्ही पालघर जिल्ह्यातले झालो, पण रस्ते तेच राहिले. एक वळण संपलं की दुसरं, एक चढ संपला की दुसरा. पावसाळ्यात धुकं आणि डिसेंबर-जानेवारीत पहाटे हुडहुडी भरवणारी थंडी.

हे बोईसरला कारखान्यात नोकरीला. शनिवारी रात्री येतात, सोमवारी पहाटे जातात. घरी सासूबाई, मुलगा अकरा वर्षांचा, मुलगी सात वर्षांची. मी बी. ए. झालेली, जव्हारला एका शाळेत घड्याळी तासांवर मराठी शिकवते. मुलंही जव्हारलाच शिकतात. तेव्हा तीन वर्षांपूर्वी आम्ही एक जुनी डिझेल गाडी घेतली आणि वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी मी ती चालवायला शिकले. खरं सांगते, लग्नात घातलेल्या बांगड्यांपेक्षा त्या गाडीच्या किल्लीनं मला जास्त आनंद दिला. पदर खोचून स्टिअरिंगवर बसले की वाटायचं, आता आपलं कुणावाचून अडत नाही.

आता माझी सकाळ ऐका. तुमचीही याहून काही निराळी नसेल. पाचला उठायचं, पाणी तापवायचं, डबे करायचे, सासूबाईंचा चहा आणि औषध, मुलीच्या वेण्या, मुलाचा हरवलेला मोजा! सव्वासातला मी दारातून अक्षरशः उडी मारून गाडीत बसायची. किल्ली फिरवली की दुसऱ्या क्षणाला गिअर, आणि घरासमोरचा चढ एका दमात पार. रस्त्याला लागलं की पाय एक्सिलरेटरवर दाबलेलाच. साडेसातची घंटा चुकली की मुख्याध्यापिका नुसत्या घड्याळाकडे बघतात. बोलत नाहीत, पण ते बघणं पुरतं. शाळेच्या फाटकात शिरले की गाडी उभी, किल्ली बंद आणि मी वर्गाकडे पळत. गाडीचं इंजिन अजून धापा टाकतंय की काय, हे बघायला वेळ कुणाला होता?

अशी जवळजवळ अडीच वर्षं गेली. गाडी बिचारी काही बोलली नाही. म्हणजे, मला वाटलं की बोलली नाही. गेल्या दिवाळीनंतर चढावर ती बारीक शिट्टीसारखा आवाज करायला लागली. मुलगा हसून म्हणाला, "आई, आपली गाडी शिट्टी वाजवायला शिकली!" आम्ही सगळेच हसलो. मग एकदा शाळेतले शिपाईमामा म्हणाले, "बाई, तुमची गाडी निळा धूर सोडतेय." मी म्हटलं, "थंडी आहे ना मामा, म्हणून असेल." आपल्याला जे ऐकायचं नसतं त्याला आपण किती पटकन कारण शोधतो, नाही?

आणि मग ती रात्र आली.

डिसेंबरचा शेवटचा आठवडा होता. पहाटे साडेतीनच्या सुमाराला सासूबाईंच्या खोलीतून भांडं पडल्याचा आवाज आला. जाऊन बघते तो त्या पलंगाच्या कडेला वाकून बसलेल्या, श्वास आत जाईना, बाहेर येईना. त्यांना दम्याचा जुना त्रास आहे. नेहमीचा फवारा दिला, पुन्हा दिला, उपयोग होईना. गावात आरोग्य केंद्र आहे, पण "माझ्या डॉक्टरांकडे ने, जव्हारला ने," एवढंच त्या म्हणत राहिल्या. रुग्णवाहिकेला १०८ वर फोन करावा हे माझ्या मनातही आलं नाही. आलं असतं तरी मी म्हटलं असतं, दारात गाडी असताना रुग्णवाहिका कशाला? हा माझा तोरा! शेजारच्या वहिनींना उठवलं, मुलं त्यांच्या हवाली केली आणि आईंना शाल गुंडाळून गाडीत बसवलं.

त्या रात्री मी गाडी जशी पळवली तशी कधीच पळवली नव्हती. आणि मधल्या एका लांब चढावर तिनं एकदम मान टाकली. एक्सिलरेटर दाबावा तर नुसता आवाज, ओढच नाही. चौथ्यावरून तिसरा, तिसऱ्यावरून दुसरा, शेवटी पहिला गिअर. बैलगाडीच्या चालीनं गाडी चढतेय आणि आरशात बघते तर मागे निळसर धुराचा ढग. शिट्टीचा आवाज वाढत वाढत किंचाळल्यासारखा झाला, आणि मी घाबरून गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केलं.

बाहेर मिट्ट काळोख. दोन्ही बाजूंना झाडी. फोनला रेंज नाही. आई दाराला टेकून बसलेल्या, त्यांच्या छातीतून येणारा तो सूं सूं आवाज. मैत्रिणींनो, त्या शांततेत तो आवाज मी किती वेळ ऐकला ते मला सांगता येणार नाही. घड्याळाप्रमाणे पंधरा-वीस मिनिटं झाली असतील. मी रस्त्याच्या मधोमध मोबाईलची बॅटरी हलवत उभी होते. मनात एकच, 'ह्यांना काय सांगू?'

देवच आला म्हणायचा, ढोबळी मिरचीच्या गोण्या भरलेला एक पिकअप आला. चालवणारा विशीतला मुलगा. त्यानं काही विचारलं नाही. शेजारी बसलेल्या भावाला मागे गोण्यांवर पाठवलं, आईंना पुढे घेतलं, मी कशीबशी त्यांना धरून टेकले आणि आम्ही जव्हार गाठलं. डॉक्टरांनी वाफेचं औषध दिलं, ऑक्सिजन लावला. उजाडता उजाडता आईंच्या ओठांचा निळेपणा गेला. डॉक्टर एवढंच म्हणाले, "अजून अर्धा तास उशीर परवडला नसता." त्या मुलाला मी पैसे देऊ केले तर तो म्हणाला, "राहू द्या ताई, मार्केटला उशीर होतोय." नावही सांगितलं नाही त्यानं.

दोन दिवसांनी आई घरी आल्या आणि माझे अण्णा वाड्याहून आले. अण्णा म्हणजे माझे वडील. तीस वर्षं एसटीत ड्रायव्हर होते. गाडी ओढून जव्हारच्या एका गॅरेजात नेली होती, तिथे ते मला घेऊन गेले. मेकॅनिकनं एक गोगलगाईच्या शंखासारखा लोखंडी भाग काढून टेबलावर ठेवला होता. आत छोटंसं पंख्याचं चाक. त्यानं बोटानं ते हलवलं तर ते सैल दातासारखं डुगडुगलं. पाती कडेला घासून खाल्ली गेलेली. मग त्यानं इंजिनातलं ऑईल दाखवलं. डांबर परवडलं!

"टर्बो गेला," तो म्हणाला.

अण्णा माझ्याकडे वळले. "सकाळी गाडी कशी काढतेस ते सांग."

मी सांगितलं.

"आणि शाळेत पोचलीस की?"

"किल्ली बंद करते आणि पळते."

"ऑईल कधी बदललंस?"

इथे मी गप्प झाले. खरं तर ऑक्टोबरातच सर्व्हिसिंग करायचं होतं. ह्यांनी त्याचे पैसेही वेगळे काढून दिले होते. पण दिवाळी तोंडावर होती. मुलांचे कपडे, फराळाचं सामान, नणंदेच्या मुलीला भाऊबिजेचं काहीतरी, यात ते पैसे जिरले. 'पुढच्या महिन्यात करू,' म्हणत मी दोन महिने ढकलले होते. ह्यांना मात्र "झालं हो सर्व्हिसिंग," असं सांगून टाकलं होतं.

अण्णांनी आणि मेकॅनिकनं एकमेकांकडे बघितलं. कुणी काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

आता हा टर्बो म्हणजे काय, ते मला त्या दिवशी समजलं तसं तुम्हांला सांगते. आपल्यापैकी ज्यांनी चूल पेटवली आहे त्यांना ते पटकन कळेल. ओली लाकडं धुमसत असली की आपण काय करतो? फुंकणी घेतो. हवा जास्त गेली की जाळ भडकतो. टर्बो म्हणजे इंजिनाची फुंकणी. गंमत अशी की ही फुंकणी फुंकायला दुसरं कुणी लागत नाही. इंजिनातून बाहेर पडणारा धूर जोरानं जातो, तो वाटेत एक चाक फिरवतो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरं चाक असतं, ते बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतं. म्हणजे जो धूर वाया जायचा तोच कामाला लावला. लहान इंजिनातून मोठी ताकद निघते ती अशी. आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या एका स्विस इंजिनिअरनं १९०५ साली या कल्पनेचं पेटंट घेतलं. पुढे ती जहाजांत गेली, विमानांत गेली. उंचावर हवा विरळ होते, तिथे विमानाचं इंजिन दमतं. म्हणून १९१८ साली अमेरिकेत सॅनफोर्ड मॉस नावाच्या इंजिनिअरनं चौदा हजार फुटांहून उंच असलेल्या पाइक्स पीक या डोंगरावर इंजिन नेऊन त्याची परीक्षा घेतली होती. मग ट्रक, बसगाड्या, आणि आता तर आपल्या दारातल्या गाड्या. आजकालच्या डिझेल गाड्यांत तो असतोच, आणि पेट्रोलच्या कितीतरी लहान गाड्यांतही असतो. तुमच्या गाडीच्या पाठीवर 'टर्बो' असं लिहिलेलं नसलं तरी पोटात असू शकतो. एकदा विचारून ठेवा.

आता त्या चाकाचा वेग ऐका. आपला मिक्सर अगदी मोठ्या बटणावर मिनिटाला अठरा-वीस हजार फेरे घेतो, तरी घर दणाणून जातं. टर्बोचं चाक जोरात असताना मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतं. लहान गाड्यांत तर दोन लाखांपर्यंत! एका बाजूला सातशे-आठशे अंशांपर्यंत तापलेला धूर आणि दुसऱ्या बाजूला बाहेरची थंड हवा. आणि एवढ्या वेगानं फिरणारा तो दांडा कशावर टेकलेला असतो म्हणाल? तेलावर. केसाहून पातळ अशा ऑईलच्या थरावर तो तरंगत असतो. लोखंडाला लोखंड लागू द्यायचं नाही हे त्या थराचं काम. तो थर तुटला की संपलं.

थंडीत आपलं खोबरेल तेल बाटलीत कसं थिजतं? बाटली उपडी केली तरी थेंब पडत नाही. इंजिनाचं ऑईल तसं थिजत नाही, पण रात्रभर गार पडलं की दाट होतं, हळू वाहतं. शिवाय रात्रभरात ते खाली उतरून तळाला बसलेलं असतं. किल्ली फिरवली की पंप ते वर ढकलतो. सगळीकडे पोचून नीट दाब धरायला काही क्षण जातात, आणि गरम होऊन हवं तसं पातळ व्हायला बरीच मिनिटं. अशा वेळी आपण पहिल्या क्षणाला एक्सिलरेटर दाबला, तर बिचाऱ्या दांड्यानं तरंगावं कशावर? शिवाय इंजिनात लोखंडाचे, ॲल्युमिनियमचे निरनिराळे भाग. ते सारख्या वेगानं तापत-फुगत नाहीत. गार काचेच्या पेल्यात उकळता चहा ओतला तर काय होतं, ते तुम्हांला मी सांगायला नको.

हे झालं निघतानाचं. पोचल्यावरची माझी चूक याहून वाईट होती. चढ चढून आलेल्या गाडीचा टर्बो लालबुंद तापलेला असतो. मी किल्ली बंद केली की ऑईलचा पंपही बंद. चाक मात्र अजून फिरतंय, आणि आत अडकलेलं ऑईल त्या धगीवर तसंच राहतं. कढईत चमचाभर तेल ठेवून आपण गॅसवर विसरलो तर कढईला कसा काळा चिकट थर धरतो? काथ्यानं घासा, राखेनं घासा, निघत नाही. तोच थर टर्बोच्या बारीक नळ्यांत बसतो, तेलाची वाट अरुंद होते. त्यात माझं ऑईल जुनं झालेलं. म्हणजे गार असताना पळवणं, तापलेली असताना एकदम बंद करणं, आणि म्हातारं ऑईल, या तिन्हींनी मिळून त्याचा जीव घेतला.

त्या रात्री मी गाडी बंद केली हे मात्र बरं केलं, असं मेकॅनिक म्हणाला. टर्बो फुटला की इंजिनाचं ऑईल हवेबरोबर आत ओढलं जाऊ शकतं, आणि डिझेलचं इंजिन तेच ऑईल जाळत बेफाम पळू लागतं. तसं झालं तर किल्ली काढूनही ते थांबत नाही. ऐकूनच माझ्या पोटात गोळा आला.

परत येताना मला एक जुनी गोष्ट आठवली. मी आठ-नऊ वर्षांची असताना अण्णांनी एकदा मला मुक्कामी गाडीवर नेलं होतं. रात्री शेवटची एसटी गावात जाऊन राहायची आणि पहाटे तीच पहिली गाडी म्हणून निघायची. आम्ही गाडीतच झोपलो. पहाटे अण्णांनी इंजिन चालू केलं आणि खाली उतरून विहिरीवर तोंड धुवायला गेले. गाडी आपली घरघरतेय, काचा थरथरताहेत, बायका टोपल्या घेऊन येऊन बसताहेत. एक आजोबा कुरकुरले, "ओ डायवर, निघा की!" अण्णा गमछानं तोंड पुसत म्हणाले, "बाबा, तिला जाग तर येऊ दे. पोटात तेल फिरू दे, ब्रेकची हवा भरू दे." मोठ्या गाड्यांचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात, तो दाब भरल्याशिवाय गाडी हलवायचीच नाही, हा त्यांचा नेम. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या हातून एकही गाडी घाटात बंद पडली नाही, असं ते अजून अभिमानानं सांगतात. आणि त्यांच्याच मुलीनं...

मी म्हटलं, "अण्णा, मग मी आता रोज दहा मिनिटं गाडी चालू करून ठेवू?"

तर नाही! हेही चूकच. अण्णांनी गाडीचं पुस्तक काढायला लावलं. ते पुस्तक तीन वर्षं गाडीच्या कप्प्यात, प्लॅस्टिकच्या पिशवीत, तसंच्या तसं पडून होतं. मी बी. ए. झालेली बाई, घरात आलेलं चिवड्याच्या पुडीचं वर्तमानपत्रसुद्धा वाचते, पण ते पुस्तक कधी उघडलं नव्हतं. त्यातून, अण्णांकडून आणि मेकॅनिककडून जे शिकले ते तुमच्यासाठी नीट मांडते. स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आपण मापं चिकटवतो ना, तसं हे चिकटवून ठेवा.

सकाळी किल्ली अर्धी फिरवा. डिझेलच्या गाडीत वेटोळ्यासारखा एक दिवा लागतो. तो विझला की मग गाडी चालू करा. चालू झाल्यावर अर्धं ते एक मिनिट तशीच राहू द्या. तेवढ्यात पट्टा बांधा, आरसे बघा, मुलांची दप्तरं मोजा. उभ्या गाडीत एक्सिलरेटर दाबून "घूं घूं" करू नका, त्यानं गाडी गरम होते हा गैरसमज आहे.

मिनिटभरानं निघा, पण सावकाश. उभ्या उभ्या डिझेलचं इंजिन फारसं तापतच नाही. नुसतं डिझेल जळतं आणि धूर होतो. आणि हो, बंद शेडमध्ये गाडी चालू करून ठेवू नका. त्या धुरातला विषारी वायू दिसत नाही, वासही येत नाही. हळू चालवत नेणं हाच गाडी तापवायचा उत्तम मार्ग. पहिली आठ-दहा मिनिटं फेऱ्यांचा काटा दोन-अडीच हजारांच्या आत ठेवायचा. चढ आला तर वरच्या गिअरमध्ये गाडी कण्हत ओढायची नाही. गिअर खालचा टाकायचा आणि पाय हलका ठेवायचा.

समोरचा उष्णतेचा काटा मध्यावर आला, किंवा काही गाड्यांत असतो तो निळा दिवा विझला, म्हणजे सगळं झालं असं समजू नका. तो काटा पाण्याचा असतो. ऑईल त्याच्या मागून, रमतगमत तापतं. काटा आल्यावर आणखी पाच-सात मिनिटं थोपवून धरा. मग हवी तशी चालवा.

पोचण्याआधीचे शेवटचे एक-दोन किलोमीटर हलक्या पायानं घ्या. घाट चढून किंवा हमरस्त्यावर पळवून आला असाल तर थांबल्यावर एक-दोन मिनिटं गाडी चालू ठेवून मग बंद करा. बंद करताना एकदा जोरात एक्सिलरेटर द्यायची काही जणांना सवय असते, ती तर मुळीच नको.

ऑईल मात्र वेळेवर आणि पुस्तकात लिहिलेलंच. डब्यावर '५ डब्ल्यू-३०' असं काहीतरी असतं. त्यातला डब्ल्यू म्हणजे हिवाळा. पहिला आकडा जितका लहान तितकं ते थंडीत चांगलं वाहतं. दर पंधरा दिवसांनी गाडी सपाटीवर, गार असताना ऑईलची पट्टी काढून पुसून पुन्हा घालून बघा. दोन खुणांच्या मध्ये ऑईल हवं. पिशवीत एक जुनं सुती फडकं ठेवलं की झालं. आणि नवी शिट्टी, निळा धूर, चढावर ओढ कमी, ऑईल भराभर उतरणं, यांतलं एकही दिसलं तर हसण्यावारी नेऊ नका.

कुणी म्हणेल, "पण घरात कुणी अत्यवस्थ असेल तर मिनिटं मोजत बसायचं का?" छे! तेव्हा गाडी काढा आणि जा. माणसापुढे लोखंडाची काय किंमत? एका रात्रीत टर्बो मरत नाही. रोज रोज मारला म्हणजे मरतो. त्या रात्री मी गाडी पळवली ते बरोबरच होतं. आधीच्या अडीच वर्षांत विनाकारण पळवली, म्हणून हव्या त्या वेळी ती पळाली नाही. आणि गाडी दारात असली तरी आधी १०८ ला फोन करा. हे मी माझा तोरा गिळून सांगते आहे.

शनिवारी हे आले. नवा टर्बो म्हणजे माझ्या तासिकांचं चार-पाच महिन्यांचं मानधन. तो आकडा सांगण्यापेक्षा मला दिवाळीच्या पैशांचं सांगणं जड गेलं. जेवणं झाल्यावर मुलं झोपली आणि मी एका दमात सगळं सांगून टाकलं. सर्व्हिसिंग केलं नव्हतं, खोटं बोलले होते, शिट्टी ऐकूनही गप्प बसले होते. हे बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "सोमवारी पहाटे मी गाडी स्टँडवर नेतो तेव्हा कशी काढतो, पाहिलंयस ना?" पाहिलं होतं. माझ्यासारखीच! "पैशांचं मात्र सांगायला हवं होतंस," एवढं ते म्हणाले, आणि ते मला लागलं. लागायलाच हवं होतं.

आतल्या खोलीतून आईंचा आवाज आला, "मला सगळं ऐकू येतंय हो! तो भाऊबिजेचा फ्रॉक मीच घ्यायला लावला होता तिला." आणि मग खोकत खोकत हसल्या.

आता आमची सकाळ थोडी बदलली आहे. पाचच्या जागी पावणेपाचला गजर लागतो असं म्हणणार होते, पण खोटं कशाला सांगू? पाचलाच उठते. मुलगा आपले मोजे रात्रीच काढून ठेवतो, मुलीच्या दोन वेण्यांची एक झाली आहे, आणि भाजी आदल्या रात्री चिरून ठेवते. त्यातून दहा मिनिटं निघतात. ती दहा मिनिटं गाडीची. किल्ली फिरवायचं काम मुलाच्या देखरेखीखाली चालतं. तो मनात साठपर्यंत आकडे मोजतो आणि "आई, चल," म्हणतो. त्याआधी मी गिअरला हात लावला तर ओरडतो. आई ओट्यावर शाल पांघरून बसलेल्या असतात. परवा म्हणाल्या, "गाडीला सुद्धा सकाळचा चहा लागतो म्हणायचा!"

शाळेत पोचल्यावर मी मिनिटभर गाडीत बसून राहते. पहिल्या दिवशी शिपाईमामा काळजीनं जवळ आले, "बाई, बरं वाटत नाही का?" म्हणून. आता त्यांनाही माहीत झालं आहे. घंटा दोनदा चुकली. मुख्याध्यापिकांनी घड्याळाकडे बघितलं. मी कारण सांगितलं, तर त्यांनी मला स्टाफरूममध्ये थांबवून विचारलं, "थांबा, आमच्या नव्या पेट्रोल गाडीलाही टर्बो आहे म्हणतात. तिला पण असंच करायचं का?"

तिलाही असंच करायचं, मैत्रिणींनो. उद्या सकाळी करून बघा. आणि त्याआधी आज संध्याकाळी, वरण शिजेपर्यंत, गाडीच्या कप्प्यातलं ते पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेर काढा.